पाच पुरुष, दीड स्त्री

गणपती बुडाले, गोदेचं पाणी जरा निवळलं, की नाशकात एक ठरावीक प्रश्न कानावर यायला लागतो. सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर, नाशिकरोडच्या प्रेसवाल्यांच्या घोळक्यात, लग्नाच्या पंगतीत, आणि पंचवटीच्या अमरधाममध्येसुद्धा, अग्नी दिल्यावर लोक जरा बाजूला उभे राहतात ना, तेव्हा. "नवीन काही आहे का?" विचारणारा हौशी नाट्यसंस्थेचा माणूस असतो आणि त्याला नाटक हवं असतं.

कारण उघड आहे. नोव्हेंबरात हौशी मराठी नाट्य स्पर्धा सुरू होते. मुंबई राज्य असताना चालू झालेला हा प्रकार १९६० नंतर महाराष्ट्राकडे वारशानं आला आणि तेव्हापासून राज्यातल्या कारकून, शिक्षक, कामगार, वकील या वर्गाची दिवाळी कधीही धड झालेली नाही. फराळाचं ताट समोर आणि मांडीवर संहिता. ती असली तर. बहुतेकदा ती नसते.

नवीन म्हणजे काय, याबद्दल संस्थेत एकमत नसतं. दिग्दर्शकाच्या मते जे कुणालाच कळणार नाही ते नवीन. खजिनदाराच्या मते ज्याच्या लेखकाला आपण मानधन देतो हे अजून ठाऊक नाही ते. आणि बाकीच्यांच्या मते, ज्यात आपल्याला मोठं काम आहे ते.

छापील मराठी नाटकाच्या पुस्तकात पात्रपरिचयाचं एक पान असतं. हौशी माणूस पुस्तक तिथून उघडतो. कथानक, विषय, लेखक, हे सगळं नंतर. आधी बोटांवर पुरुष मोजायचे, मग स्त्रिया. पुरुष चार, स्त्रिया तीन, असं दिसलं की पुस्तक पुन्हा कपाटात. लंडन-न्यूयॉर्ककडे सॅम्युअल फ्रेंच नावाची पेढी १९व्या शतकापासून हौशी मंडळींना नाटकं पुरवत आली आहे आणि तिच्या याद्यांतही किती पुरुष, किती बायका हे आधी सांगितलेलं असतं. म्हणजे रडगाणं सर्वत्र एकच. फरक एवढाच, की त्यांच्याकडे पेढी आहे आणि आमच्याकडे एक मामा आहेत. त्यांच्या पिशवीत कायम चार-पाच झेरॉक्स संहिता असतात आणि प्रत्येक संहितेचं शेवटचं पान गहाळ असतं. "शेवट तुम्ही तुमचा करा," असं मामा उदारपणे सांगतात.

आमचा हिशेब पाच पुरुष, दीड स्त्री असा आहे.

पुरुषांत पहिले अण्णा, प्रेसमधून नुकतेच निवृत्त झालेले. ऐन जवानीत त्यांनी 'अश्रूंची झाली फुले' पाहिलं आणि तेव्हापासून ते लाल्याच्या भूमिकेची वाट पाहतायत. आता लाल्याच्या प्राचार्यांचं वयसुद्धा मागे पडलं, तरी वाट पाहणं चालू आहे. दुसरे वकीलसाहेब. यांना स्वतःची सोडून सर्वांची वाक्यं पाठ असतात. तिसऱ्या गृहस्थांना अभिनय येत नाही हे त्यांनाही मान्य आहे, पण तालमीला शाळेचा हॉल त्यांच्या मेहुण्याच्या शब्दावर मिळतो. त्यामुळे प्रत्येक नाटकात एक नोकर, एक पोस्टमन किंवा एक हवालदार लागतोच. ग्रीक शोकांतिका केली असती तरी तिच्यात आम्ही पोस्टमन घातला असता. चौथा टेम्पोवाला. तो नेपथ्यही वाहून नेतो, म्हणून वाड्याचा चौक, जिना, झोपाळा असली नाटकं बाद. जे छोट्या हत्तीत मावेल तेच आमच्या रंगभूमीवर घडतं.

पाचवे द्राक्षवाले भाऊ, पिंपळगाव बसवंतकडचे. आवाज असा, की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूसही दचकून नीट बसतो. अभिनयही खरा. पण ऑक्टोबरात बागेची छाटणी, त्यानंतर फवारण्या आणि डिपिंग, आणि नेमक्या स्पर्धेच्या दिवसांत अवकाळीची भीती. ऐन प्रवेशात त्यांचा फोन वाजतो, ते ऐकतात, "ढग आलेत" एवढंच म्हणतात आणि निघून जातात. एवढी परिणामकारक एक्झिट मी व्यावसायिक रंगभूमीवरही पाहिलेली नाही. म्हणून भाऊंसाठी पहिल्या अंकात मरणारं पात्र शोधावं लागतं. ते कथानकात पुढे फोटोच्या रूपानं, हार घालून, भिंतीवर राहतं.

स्त्रियांत एक बाई शाळेत शिकवतात, वेळेवर येतात, पाठांतर चोख, आणि पुरुषांना ओरडतात. त्या पूर्ण एक. दुसऱ्या ताईंच्या मुलाचा क्लास दिवसाआड असतो आणि त्याला आणायला त्यांनाच जावं लागतं. त्यामुळे त्या अर्ध्या. हे गणित कुठल्याही नाटककाराच्या पात्रपरिचयात बसत नाही.

नाटक शोधायला जायचं कुठे? सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, १८४०चं. नाटकांची पुस्तकं तिथे चिकार आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहही याच वाचनालयाचं. नाशिक केंद्राची स्पर्धा तिथेच रंगते. पण पुस्तक कपाटातून काढून रंगमंचावर न्यायला चार पावलं पुरत नाहीत. मध्ये लेखकाचं परवानगीपत्र आहे, मानधन आहे, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे. ते मंडळ काय कापेल याचा विचार आमचे वकीलसाहेब एवढा आधी करतात, की संहिता तिथे पोहोचेपर्यंत तिच्यात फक्त "या, बसा" आणि "चहा घेणार?" शिल्लक असतं.

त्यात हे गाव नाशिक. इथे नाटक मिळत नाही असं म्हणायची सोय नाही. घरात कुणाजवळ कुरकुर केली, की उत्तर ठरलेलं: "तात्यासाहेबांच्या गावात तुम्हाला नाटक मिळत नाही?" त्यांचं 'नटसम्राट' १९७०चं. ते आजही आमच्यातल्या प्रत्येक साठीपुढच्या पुरुषाला आंघोळ करताना अर्धं येतं. हंप्राठा महाविद्यालयात शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी याच गावात राहून 'रायगडाला जेव्हा जाग येते', 'हिमालयाची सावली' अशी नाटकांमागून नाटकं मुंबईला पाठवली. आणि आज विचाराल तर तेही चालू आहे. दत्ता पाटलांनी 'हंडाभर चांदण्या' लिहिलं, सचिन शिंदेंनी ते बसवलं. प्राजक्त देशमुखांची 'देवबाभळी' आधी एकांकिका होती, २०१७ मध्ये तिचं 'संगीत देवबाभळी' झालं आणि पुढे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कारही मिळाला. एवढं सगळं आपल्या गावात. आम्ही आशेनं पात्रं मोजली. स्त्रिया दोन. पुरुष शून्य. अण्णांनी विठ्ठल स्टेजवर येतो का एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर ते कानटोपी घालून घरी गेले.

मग बाहेरगावचे लेखक. यांचे फोन सप्टेंबरपासून येतात. एकानं सहा नाटकांची यादी पाठवली. शेतकरी आत्महत्या, वृद्धाश्रम, मोबाइलचे दुष्परिणाम, आणि इतिहासातले तीन गैरसमज. "पात्रं किती?" विचारलं तर म्हणाला, "तुमच्याकडे किती आहेत?" या वाक्यावर आम्ही खूष झालो. त्यानं ताबडतोब एक फाइल पाठवली. ती बहुधा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली असावी, कारण आमच्या मोबाइलवर नुसती टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं आणि मध्येच उलटे स्वल्पविराम दिसत होते. दिग्दर्शकानं ती रात्रभर वाचली आणि सकाळी ग्रुपवर लिहिलं, "भाषेची मोडतोड जबरदस्त आहे. परीक्षक हादरतील." दोघांनी त्यावर टाळ्यांची चित्रं टाकली.

काही लेखक स्वतः येऊन वाचतात. हा प्रकार अवघड. लेखक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, पार्श्वसंगीत तोंडानं देतो, ब्लॅकआऊट म्हणताना डोळे मिटून थांबतो. शाळेच्या पाचवीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले आम्ही सगळे तेवढ्यात आपापलं काम किती पानांचं आहे ते मोजत असतो. वाचन संपल्यावर जी शांतता पसरते तिला लेखक दाद समजतो. आम्ही खरं तर पहिलं कोण बोलतो याची वाट पाहत असतो. बाई बोलतात. "छान आहे. पण यात बाईनं फक्त रडायचंय. एवढंच करायचं तर मी घरी थांबते." लेखकाचा चहा निवतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नाटकं कमी नाहीत. उलट फार आहेत. पण कुणीतरी आपल्या माणसांसाठी लिहिलेलं नाटक दुसऱ्याच्या माणसांना बसत नाही, ब्लाउज बसत नाही तसंच. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' 'रंगायन'नं १९६७ साली राज्य नाट्य स्पर्धेतच केलं, आणि ते नाटकच मुळी एका गावात प्रयोगाला आलेल्या हौशी मंडळींवर आहे. त्यातला सुखात्मे वकील वाचताना आम्ही सगळे आमच्या वकीलसाहेबांकडे बघतो. ते मात्र दुसऱ्या कुणाकडे तरी बघतात.

यंदा म्हणून आम्ही बाहेरचा नाद सोडला. अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीत काम करणारा पोरगा आहे, एकांकिका लिहितो. त्याला घरच्या तक्रारींसह सगळी मापं दिली. पोरानं मन लावून काम केलं. भाऊ पहिल्या अंकाच्या शेवटी हृदयविकारानं जातात आणि भिंतीवर येतात. फोटो मोठा ठेवलाय, त्यांच्या घरचे बघायला येणार म्हणून. पोस्टमन दोनदा येतो, एकदा पत्र घेऊन आणि एकदा पत्ता चुकल्याचं सांगायला. अण्णांना फ्लॅशबॅक दिलाय, त्यात ते कॉलेजात आहेत. तेवढ्या वेळापुरता प्रकाश फार मंद. बाईंना रडायचं एकही वाक्य नाही, उलट त्या दुसऱ्या अंकात सगळ्यांना घराबाहेर काढतात. सगळं नेपथ्य म्हणजे एक पलंग आणि एक दार.

आणि पलंगावर ताई. दिवसाआड तालमीला येणाऱ्या बाईचं करायचं काय, यावर पोरानं काढलेला तोडगा मला अजून थोर वाटतो. त्या दुसऱ्या अंकात कोमात आहेत. तालमीत उशी ठेवली की भागतं.

वाचन झालं. खरोखर चांगलं झालं. वकीलसाहेबांनी आक्षेप घेतला नाही, भाऊंचा फोन वाजला नाही, मेहुण्यांनी स्वतः चहा सांगितला. तेव्हा ताई जरा पुढे सरकून म्हणाल्या, "लिहिलंय सुंदर. आणि एक आनंदाची बातमी आहे. सोमवारपासून त्याचा क्लास आमच्याच सोसायटीत भरणारे. मी आता रोज येऊ शकते."

पोरानं संहिता छातीशी धरली. "ताई, अहो, मी तुम्हाला कोमात ठेवलंय. अख्खं नाटक त्याच्यावर उभं आहे."

"मग आण ना शुद्धीवर," अण्णा म्हणाले. "नवीन नाटक आहे, अजून छापलंय कुठे? आणि शुद्धीवर आली की तिला पहिल्यांदा माझा फ्लॅशबॅक आठवू दे. जरा मोठा."