वाय दर्जाचे मुंबईकर

मध्यम आकाराचं शहर राहायला चांगलं का, हा प्रश्न कांजूरमार्ग पूर्वेला साधारण मे महिन्यात निघतो आणि पहिल्या पावसात वाहून जातो. गावी जाऊन आलेलं कुणीतरी तो काढतं. यंदा पाळी कोल्हापूरची होती. तांबडा-पांढरा, रंकाळ्यावरचा वारा, दहा मिनिटांत ऑफिस, एवढं ऐकून झालं आणि आमच्या सोसायटीच्या बैठकीनं कोल्हापूरला दाखवायला आणलेल्या मुलीसारखं समोर बसवलं.

"हॉस्पिटलं बरी आहेत का?" तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं. तिथं सीपीआर आहे, त्याला जोडून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. काकांना स्वतःला पालिकेचं मोठं हॉस्पिटल हवं असेल तर घाटकोपरचं राजावाडी नाहीतर सायन गाठावं लागतं, तेही धीम्या लोकलनं. फास्ट गाडी कांजूरला थांबत नाही.

"पूर येतो म्हणे?" येतो की. २०१९ ला आला, २०२१ लाही आला. विचारणारे गृहस्थ दर पावसाळ्यात कांजूर-भांडुपच्या मध्ये रुळांवर पाणी साचलं म्हणून गाडीत अडकतात. पण आपल्याकडे त्याला पूर म्हणत नाहीत, 'स्पिरिट' म्हणतात.

"आणि हवा?" हा प्रश्न काकूंचा. तो विचारून त्या उठल्या आणि खिडकी लावून आल्या. वारा कांजूरच्या डम्पिंग ग्राउंडकडून फिरला होता.

आता थोडा हिशेब. कांजूरमार्ग पालिकेच्या एस विभागात येतं. २०११ च्या जनगणनेत या एका विभागाची लोकसंख्या ७ लाख ४३ हजार होती. कोल्हापूर शहराची ५ लाख ४९ हजार. केंद्र सरकार घरभाड्यासाठी ५ ते ५० लाखांच्या शहराला 'वाय' दर्जा देतं. म्हणजे ज्या मध्यम शहरात जावं की जाऊ नये यावर आपण चहाचे कप रिकामे करतोय, त्याहून मोठ्या मध्यम शहरात आपण कधीचेच राहतोय. फक्त आपल्या शहरात अंबाबाई नाही, विमानतळ नाही आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसणारं हायकोर्टाचं सर्किट बेंचही नाही. महापौराचं म्हणाल, तर नगरसेवकांची मुदत त्यांची २०२० ला संपली, मुंबईची २०२२ ला, आणि मग दोन्हीकडे वर्षानुवर्षं प्रशासक होते. तेवढ्या बाबतीत मात्र बरोबरी झाली.

आपल्याकडे आहे ती जमीन. ऑक्टोबर २०२० मध्ये मेट्रोची कारशेड आरेतून उठून कांजूरला येणार असं जाहीर झालं, तेव्हा भाव वाढणार म्हणून इथं पेढे वाटले गेले. डिसेंबरात हायकोर्टानं काम थांबवलं. जमीन मिठागराची म्हणून केंद्राची, की राज्याची, यावर दोन सरकारं भांडत बसली. २०२२ ला राज्यातलं सरकारच बदललं आणि कारशेड परत आरेत गेली. मुंबईचा कचरा मात्र कुठल्याही सरकारच्या काळात न चुकता कांजूरलाच येतो. २ मे २०२५ ला हायकोर्टानं सांगितलं, डम्पिंगची ती ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन आहे, तीन महिन्यांत मोकळी करा. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. त्या घडीला कचरा कायदेशीर झाला आणि जंगल स्थगित. कोल्हापूरकराला विचारा, असं बहुरूपी रान त्याच्याकडे आहे का!

तेव्हा मी बैठकीत ठराव मांडला: एस विभाग मुंबईतून वेगळा काढा, वाय दर्जा द्या, स्वतःचा महापौर द्या, आणि दुसऱ्यांचा कचरा घ्यायचा की नाही ते आम्हाला ठरवू द्या. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी अर्जही टाइप करून आणला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या केंद्र सरकारी नोकरदारानं शांतपणे विचारलं, "वाय म्हणजे घरभाडं भत्ता तीस टक्क्यांवरून वीस ना?" आणि ब्रोकरी करणारे शेजारी म्हणाले, जाहिरातीत 'मुंबईत' लिहिता येणार नसेल तर फ्लॅट विकायचे कसे?

अर्ज माझ्याकडे आहे. सह्या अजून शून्य. करायची असेल त्यानं रविवारी दुपारी यावं. सकाळी आमच्या खिडक्या बंद असतात, बेल ऐकू येत नाही.