पैसे कधी?

"एक ना धड, भाराभर चिंध्या." दोन कामं करणाऱ्या माणसाला हे वाक्य आयुष्यात एकदा तरी ऐकावं लागतं. तीन कामं करणाऱ्याला ते दर दिवाळीला ऐकावं लागतं.

मी भाषांतर करते, मुद्रितं तपासते, जाहिरातींना आवाज देते आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवते. बावीस वर्षं घर यावर चाललंय. तरी बारशाला भेटलेली मावशी विचारते, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?"

नोकरी असली की उत्तर एका शब्दात संपतं. स्वतःचं काम असलं की साक्षीपुरावे लागतात.

आता या जगण्याला नवं नाव मिळालंय, पोर्टफोलिओ करिअर. त्यावर कार्यशाळा होतात. पहाटे पाचला उठा, वहीत रंगीत कप्पे आखा, रविवारी फोन बंद ठेवा, की काम, छंद आणि संसार आपोआप जुळून येतील.

जुळत नाहीत. कारण एका प्रश्नाला त्या वहीत कप्पाच नसतो. पैसे कधी?

मुळात यात नवीन काय आहे? सिंधुदुर्गातला दशावतारी पावसाळ्यात शेतात असतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पेटारा उचलून गावोगाव निघतो. स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो, रात्रभर उभा राहतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, ही म्हण त्याच्यावरूनच पडली. त्याच्या या दोन हंगामांना करिअर कोणी म्हटलं नाही.

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणाचा 2023-24चा आकडा बघा. देशातल्या काम करणाऱ्यांपैकी 58.4 टक्के लोक स्वयंरोजगारात होते. शेतकरी, भाजीवाली, शिंपी, रिक्षावाला, घरी शिकवण्या घेणारी बाई, सगळे त्यात आले. म्हणजे पगारदार माणूस हाच या देशात अल्पसंख्य आहे. नियम मात्र त्याच्या मापाने शिवलेले.

याच आकड्याच्या पोटात आणखी एक आकडा आहे. काम करणाऱ्यांपैकी 19.4 टक्के लोक घरच्याच शेतीत किंवा धंद्यात मदतनीस म्हणून राबत होते, बिनपगारी. दुकानाच्या पाटीवर "आणि सन्स" असतं. गल्ल्याशेजारी बसून हिशोब लिहिणाऱ्या सुनेचं नाव कुठे असतं?

"उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" असं आपले पूर्वज सांगून गेले. लग्न जुळवायला बसलेल्या कुठल्याही घरात जाऊन ही म्हण म्हणून बघा. शेती असली तरी चालेल, पण मुलगा नोकरीवालाच हवा.

मुलीचे आईवडील चुकतात का? अजिबात नाही. त्यांना महिन्याची एक तारीख हवी असते.

त्या एका तारखेत काय काय भरलेलं असतं, ते ती हातातून गेल्यावर कळतं. भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा, कंपनीचा आरोग्य विमा, घरासाठी कर्ज मागताना दाखवायची सॅलरी स्लिप. माझं पहिलं घरकर्ज ज्या शाखेत नाकारलं गेलं, तिथल्या साहेबांनी तीन वर्षांची विवरणपत्रं चाळली आणि विचारलं, "मिस्टर कुठे असतात?"

2017 साली कायदा बदलला. नोकरदार बाईची बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. माझ्या एका मैत्रिणीने बाळंतपणाच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं प्रकरण पाठवलं आणि अकराव्या दिवशी पुढचं हातात घेतलं. तिला रजा कोण देणार? ती स्वतःचीच मालक ना.

घरी बसून काम करणाऱ्याची आणखी एक गंमत लोकांना वाटते. तो घरीच असतो! मग शेजारच्यांचं पार्सल त्यानेच घ्यायचं, गॅसवाला आला तर दार त्यानेच उघडायचं, सोसायटीच्या टाकीवर लक्षही त्यानेच ठेवायचं. माझं टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. हेडफोन लावून आवाज तपासत असले तरी मला दिवसातून चारदा ऐकू येतं, "तुम्ही काय, घरीच असता."

बाई असेल तर तिचं हे घरी असणं आणखी महाग पडतं. 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांनी त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घातली. घरकाम करणाऱ्या पुरुषांनी 88. फरक तीन तासांहून जास्त.

पहाटे पाचला उठण्याचा सल्ला देणाऱ्यांनी आधी हे तीन तास कुठून आणायचे ते सांगावं.

आपल्याकडे अष्टपैलू माणसांच्या गोष्टी फार आवडीने सांगतात. डॉक्टर श्रीराम लागूंनी शस्त्रक्रिया सोडून रंगभूमी धरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती उडी नव्हती. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, पुण्यात आणि टांझानियातल्या टबोरा इथे त्यांनी वर्षानुवर्षं व्यवसाय केला. सोबतीने नाटकं चालूच होती. पूर्णवेळ नट झाले ते 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर. सोडल्याचा क्षण सगळे सांगतात. दोन्ही सांभाळल्याची वर्षं कोणी मोजत नाही.

आणि डॉ. अनिल अवचट. वैद्यकीची पदवी, मग पत्रकारिता, सामाजिक काम, लेखन, लाकडातलं शिल्प, ओरिगामी, बासरी. एका आयुष्यात इतकं कसं बसलं? त्यांनी ते कधी लपवलं नाही. पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. घरात एक पगार नियमित येत होता, आणि मुलींना वाढवण्यात अवचटांनी स्वतः मन घातलं होतं.

हा हिशोब सांगायला मोठेपण लागतं. बाकीच्या यशोगाथांमधला नियमित पगार कुठे गायब होतो?

आता माझ्या वहीकडे या. लाल पुठ्ठ्याची आहे, वर लिहिलंय "येणं". डावीकडे बिलाची तारीख, उजवीकडे पैसे आल्याची तारीख, मधल्या रकान्यात दिवस. बावीस वर्षांत अशा पाच वह्या झाल्या. माझा संसार कसा चालला हे कोणाला बघायचं असेल तर लग्नाचा अल्बम नको, तो मधला रकाना बघावा.

एक नोंद सांगते. एका मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल, इंग्रजीतून मराठी. बिल 54,000 रुपये. काम नऊ रात्रींत हवं होतं, नवव्या पहाटे दिलं. त्या नऊ दिवसांत त्यांचे फोन रात्री साडेअकरालाही येत. "ताई, फक्त दोन ओळी बघून द्या ना."

पैसे यायला लागले एकशे बारा दिवस.

आधी व्हेंडर फॉर्म भरायचा राहिला होता. मग कॅन्सल्ड चेकचा फोटो अस्पष्ट निघाला. मग पीओ नंबर बिलावर नव्हता, आणि तो नंबर त्यांनीच दिला नव्हता. मग साहेब सुट्टीवर. मग "या पेमेंट सायकलमध्ये बसलं नाही मॅडम, पुढच्या सायकलमध्ये बघू". नऊ रात्रींची घाई करणाऱ्या कंपनीला सायकल चालवायला चार महिने लागले.

शेवटी आले 48,600. दहा टक्के टीडीएस कापायचं ते विसरले नव्हते. उरलेले नव्वद टक्के द्यायचं तेवढं विसरले होते.

याच काळात मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. तिचा नाच चार मिनिटांचा. तीन आठवडे ती आरशासमोर एकच गिरकी घटवत होती. तिचा गट मंचावर आला आणि माझा फोन वाजला. अकाउंट्स. सोळा दिवस त्यांनी माझा फोन उचलला नव्हता. मी व्हरांड्यात गेले. आतून ढोलकी ऐकू येत होती आणि कानात त्या बाई म्हणत होत्या, "एक मिनिट होल्ड करा हं."

परत आले तेव्हा टाळ्या चालू होत्या. गाडीवर मागे बसल्यावर तिने विचारलं, "गिरकी बरोबर आली?" मी हो म्हटलं.

त्या चार मिनिटांचं काय करायचं? ती कुठल्या सायकलमध्ये बसतात?

उशिरा येणारा पैसा नुसता उशिरा येत नाही. तो येईपर्यंत हप्ता थांबत नाही, म्हणून समोर येईल ते काम घ्यावं लागतं. दर कमी, मुदत उद्याची, तरी घ्यावं लागतं. नाही म्हणायची ताकद बँकेतल्या शिलकीतून येते. ती शिलक दुसऱ्याच्या अकाउंट्समध्ये अडकलेली असली की आपला रविवारही तिथेच अडकतो. मग लोक म्हणतात, हिला कामाचं व्यसन आहे.

जीएसटीत नोंदणी असलेल्यांचं तर आणखी अवघड. सेवेचं बिल दिलं की कर लागू झाला. गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, तरी सरकारला कर मुदतीत भरायचा. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर आधी खिशातून.

कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा 2006चा कायदा. काम स्वीकारल्यावर लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. सेवा देणारा एकटा माणूसही सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवर नोंदणी करून सूक्ष्म उद्योग होऊ शकतो. 2020 पासून ही नोंदणी ऑनलाइन होते, आधारवर होते आणि फुकट होते. फुकट हा शब्द नीट वाचा, कारण त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे जागोजागी बसलेत.

आयकर कायद्यातही मग 43बी(एच) ही तरतूद आली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. 2023-24च्या हिशोबापासून लागू झाली. मार्च 2024मध्ये मला दोन जुनी बिलं न मागता मिळाली. इतकी वर्षं साहेब सुट्टीवर होते, करसल्लागाराने बोलावल्यावर हजर झाले.

मग तक्रार का करत नाही आम्ही? दाद मागता येते, सरकारी पोर्टल आहे. पण तक्रार पहिल्या बिलाची असते आणि भीती पुढच्या दहांची. "त्या बाई फार कटकट करतात" एवढं एक वाक्य एका अकाउंट्समधून दुसऱ्या अकाउंट्समध्ये जायला 45 दिवस लागत नाहीत.

पैसे वेळेवर देणं खरंच इतकं अवघड आहे का?

15 मार्च 1959. गिरगावातल्या एका इमारतीत सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याचं लिज्जत झालं. तिथली रीत अशी. सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ घ्यायचं, घरी जाऊन आपल्या सवडीने लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड वजन करून द्यायचे. आणि लाटणीचे पैसे? तिथल्या तिथे. बाई पगारदार नव्हे, संस्थेची भागीदार. काम घरी, वेळ स्वतःची, हिशोब रोजचा.

मुलं शाळेत गेल्यावर लाटा, दुपारी झोपली की लाटा. कामाचा आणि घराचा तोल ज्याला म्हणतात, तो या बायकांनी एकही कार्यशाळा न करता साधला. हातात रोजचे पैसे होते म्हणून साधला. संगणक नसताना, हाताने वह्या लिहून त्या संस्थेला जमलं.

आज फोनवरून तीन सेकंदांत पैसे जातात. तरी सायकल?

मी हल्ली तीन गोष्टी करते. दर सांगतानाच पैसे देण्याची तारीख लेखी मागते. बिलावर उद्यमचा क्रमांक टाकते. सोळाव्या दिवशी फोन करते, आणि तो सकाळी करते, म्हणजे संध्याकाळ माझी राहते. दोन गिऱ्हाइकं यामुळे गेली. जाऊ देत.

चौथीही एक आहे. अक्षरजुळणीचं काम मी एका मुलाकडून करून घेते. दिवसा तो एका छापखान्यात असतो, रात्री माझं काम करतो, रविवारी लग्नांत ढोल वाजवतो. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा फाइल पाठवली, मी तपासली आणि त्याच संध्याकाळी पैसे पाठवले, 3,200 रुपये.

दहा मिनिटांनी त्याचा फोन. आवाज घाबरलेला.

"मॅडम, चुकून आजच आले का?"