केबिन झाली, किल्ली कुठंय?

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडं या, तारेजवळ. हळू बोला, समोरच्या क्वार्टरमधल्या काकू ओट्यावरच बसल्यात, नि मी सांगतेय त्या कॉलेजच्या संस्थेत त्यांचे पाहुणे आहेत म्हणे. तर माझ्या मावसबहिणीची लेक, ती उंच हो, दिवाळीत आली होती, दाराच्या चौकटीला डोकं लागत होतं ती. बास्केटबॉल खेळते. तर तिच्या कॉलेजातल्या स्पोर्ट्सच्या सरांची नवी केबिन झालीय. गाव विचारू नका, कॉलेजचं नाव तर मुळीच नाही. पण केबिन! माय माय माय!

काचेचं दार. एसी. उंच पाठीची फिरती खुर्ची. भिंतभर कुण्या अमेरिकन खेळाडूचा उडी मारतानाचा फोटो. आणि शोकेसमध्ये ट्रॉफ्याच ट्रॉफ्या. लेकीनं वाकून पट्ट्या वाचल्या, तर निम्म्या कबड्डीच्या, नि एक चक्क रांगोळी स्पर्धेची! "सर, ही पण आपलीच का?" असं विचारलंन बयेनं. सर म्हणे इतके खोकले, इतके खोकले, की शिपाई पाणी घेऊन धावला.

आता एवढा थाट कशासाठी, तर कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी. तुम्हाला काय सांगायचं, भाऊजी मास्तरच आहेत. सात निकष होते ना, त्यातला चौथा इमारती नि सोयींचा, त्यात खेळाच्या सोयीही बघत होते. मग फोटो काढा, फाइलला लावा. केबिनचा फोटो कसा झकास येतो! कोर्टाचा कुठून येणार? सिमेंटला भेगा, एका रिंगला जाळी नाही, दुसऱ्या बोर्डाची फळी लोंबतेय. मग कोर्टालाही रंग मारला, पांढऱ्या रेघा ओढल्या, आणि… कुलूप! रंग खराब होतो म्हणे खेळलं की.

हसू नका हो, खरंच. लेक विचारायला गेली, तर "कमिटी जाऊ दे." कमिटी आली, चहा-बिस्किटं झाली, गेली. "आता परीक्षा होऊ दे." परीक्षा झाल्या. "इंटरकॉलेजिएटचं पत्र येऊ दे." चेंडू तर कपाटातच, त्यांची डेडस्टॉकला नोंद ना! एखादा फुटला, हरवला, तर भरून कोण देणार? तसं सरांचंही… नाही म्हणजे मी त्यांची बाजू घेत नाही, पण माणूस एकटा. क्रिकेट त्याच्याकडं, खो-खो त्याच्याकडं, बुद्धिबळही त्याच्याकडं, वर परीक्षेचं सुपरव्हिजन नि इलेक्शनची ड्यूटी. तो कधी शिकवणार नि कधी शिट्टी वाजवणार!

तर काय सांगत होते… हां, त्या फोटोतल्या अमेरिकनावरनं आठवलं. शेतकी ऑफिसातल्या काकांचा पुतण्या कॅन्ससला शिकतो, ठाऊकच आहे सगळ्या कॉलनीला, त्या घरच्या काकू सांगायच्या थांबतात कुठं. ही लेक आली होती ना, तेव्हा काकूंनी मुद्दाम बोलावून व्हिडिओ कॉल लावला. पोरानं फोन हातात धरून आख्खं ॲलन फील्डहाउस फिरवून दाखवलं. १९५५ सालचं बांधकाम, पंधरा हजारांवर माणसं बसतात. कॉलेजच्या मॅचला हो! आपल्या समर्थ कारखान्याच्या वार्षिक सभेला तरी एवढी येतात का? आणि तिथल्या कोचचा, बिल सेल्फचा पगार म्हणे २०२३ मध्ये ठरला, पाच वर्षांचे मिळून ५ कोटी ३० लाख डॉलर. डॉलर हं. काका ऐकत होते, त्यांच्या हातातली बशी तशीच राहिली.

त्या फील्डहाउसच्या शेजारच्या इमारतीत काचेआड दोन पिवळी पानं ठेवलीत. या खेळाचे पहिले १३ नियम. ते लिहिले नेस्मिथ मास्तरनं, डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेत. थंडीत पोरं आत कोंडलेली, मस्ती करतायत, त्यांना काहीतरी द्यायचं. त्यानं शिपायाला विचारलं, बाबा, दोन खोकी आहेत का? शिपाई म्हणाला, खोकी नाहीत, पीचच्या टोपल्या आहेत. त्याच ठोकल्या सज्जाच्या कठड्याला, दहा फुटांवर. आजही रिंग दहा फुटांवरच! टोपलीला बूड होतं, त्यामुळं चेंडू पडला की कुणीतरी वर चढून काढायचा. ना केबिन, ना खुर्ची, सगळा खेळ उभा राहिला तो शिपायानं टोपल्या दिल्या म्हणून. आणि तीच दोन पानं २०१० मध्ये लिलावात गेली ४३ लाख डॉलरला. तेव्हाच्या भावानं एकोणीस कोटींच्या वर!

पण खरी गंमत पुढंच. हा नेस्मिथ नंतर कॅन्ससलाच कोच झाला. ५५ मॅचेस जिंकला, ६० हरला. तिथल्या सगळ्या कोचांत जिंकण्यापेक्षा हार जास्त असलेला तो एकटाच! ज्यानं खेळ काढला तोच! काकूंचा चेहरा असा पडला म्हणता… त्यांना वाटत होतं पुतण्याच्या युनिव्हर्सिटीचं काहीच कमी नसेल.

लेक मात्र पुढं विचारत सुटली. बाकीच्या कॉलेजांचं काय? तर पोरगं म्हणालं, हे तर साधं आहे. ओरेगनला २०१३ मध्ये फुटबॉलच्या पोरांसाठी इमारत बांधली, नायकीवाल्या फिल नाइटच्या पैशातून, तिथं आत न्हाव्याचं दुकान आहे. आणि क्लेमसनला २०१७ मध्ये बांधली, तिथं घसरगुंडी! अहो, वीस-वीस वर्षांच्या घोड्यांना घसरगुंडी! मी म्हटलं, हे कशाला रे बाबा? तर कारण ऐका. तिथं कॉलेजच्या खेळाडूला खेळायचा पैसा द्यायला बंदी होती. स्कॉलरशिप द्या, खोली द्या, जेवण द्या, पण हातात डॉलर नाही. आणि तिकिटाचा, टीव्हीचा पैसा तर बदाबदा येतोय. मग तो जाणार कुठं? भिंतीत नि कोचच्या पगारात. बारावीतलं उंच पोरगं आईबापांना घेऊन कॉलेज बघायला आलं की त्याचे डोळे दिपले पाहिजेत. स्थळ बघायला येणार म्हणून आपण नाही का ओसरीला रंग देत, तसलंच ते. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिरातीचे पैसे घ्यायची मोकळीक मिळाली, आणि २०२५ पासून तर कॉलेजंच त्यांना थेट देऊ शकतात, एका कॉलेजनं वर्षाला जास्तीत जास्त दोन कोटी डॉलरच्या आसपास, सगळ्या खेळाडूंत मिळून. आता बघा, घसरगुंड्या कमी होतील.

आणि एक किस्सा सांगितला त्या पोरानं, तो लेकीनं मनात धरला. तोच पुढं नडला… म्हणजे नडला नाही, कामाला आला. लॉस एंजलिसला जॉन वुडन म्हणून कोच होते, यूसीएलएचे. त्यांच्या वाट्याला जुनी जिम, तिसऱ्या मजल्यावर, हवा कोंडलेली, घामाचा वास. त्याच हॉलमध्ये एका बाजूला कुस्तीवाले, दुसऱ्या बाजूला जिम्नॅस्ट, त्यांची खडूची पांढरी धूळ सगळ्या फरशीवर. तर हे वुडन सर रोज प्रॅक्टिसच्या आधी स्वतः पोछा मारायचे. स्वतः! आणि पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचे, तर मोजे कसे घालायचे. घडी राहिली की फोड येतो, फोड आला की खेळाडू बसतो. त्याच कोंदट जिममध्ये तयारी करून १९६४ नि १९६५ ची दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. मोठा चकाचक हॉल नंतर मिळाला. बारा वर्षांत दहा विजेतेपदं!

आमचे चुलत सासरे भायखळ्याला होते ना नोकरीला, ते अगदी असंच नागपाड्याचं सांगायचे. अमेरिकन मराठी मिशनच्या मॅन्शार्ट साहेबानं १९२० च्या दशकात तिथं नेबरहूड हाउस काढलं. हेच साहेब पुढं १९३६ मध्ये टाटांच्या समाजकार्याच्या संस्थेचे पहिले संचालक झाले. तर त्या नागपाड्यात चाळींच्या मधोमध उघडं कोर्ट. वर छप्पर नाही. गल्लीतली पोरं खाली उतरायची नि खेळायची. त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर निघाले, भारताचे कॅप्टन झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार. कुणाची केबिन होती तिथं? कोर्ट उघडं होतं, एवढंच.

तर काय सांगत होते… हां, तो पोछ्याचा किस्सा कामाला आला स्नेहसंमेलनात! बक्षीस समारंभ, लेकीला बेस्ट प्लेयर. सरांनीच माइक दिला, "दोन शब्द बोल." आता दोन शब्द म्हणजे आईवडिलांचे आभार, सरांचे आभार, धन्यवाद. हिनं वुडन सरांचा पोछा काढला! आख्खा सांगितला, धुळीसकट. आणि शेवटी म्हणते कशी, "आम्ही पोरी रोज पहाटे येऊन कोर्ट झाडू, फक्त किल्ली द्या." बाई गं! पोरांनी बाकं बडवली. सर स्टेजवर शाल नीट करत बसले. आणि प्राचार्यांचा चेहरा, हसावं की रागवावं काही ठरेना त्यांचं. शेजारी पाहुणे बसलेले ना, आमदारांचे पीए, त्यांनीच टाळ्या वाजवल्या. मग प्राचार्यांनाही वाजवाव्याच लागल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचं बोलावणं, सरांच्याच त्या केबिनमध्ये. "किल्ली असते कुणाकडं?" सर म्हणाले, शिपायाकडं. शिपाई म्हणाला, मी ऑफिसात जमा केली. क्लार्क म्हणाला, रजिस्टरला बघतो. रजिस्टर उघडलं, नि सगळे गप्प. किल्ली होती मंडपवाल्याकडं! कोर्टावर कुणाच्यातरी रिसेप्शनचं बुफे लागलं होतं, तेव्हा दिली ती दिलीच. म्हणजे पोरी खेळल्या तर रंग खराब होतो, आणि कढया नि सिलिंडर ठेवले तर होत नाही! प्राचार्य नुसते खुर्चीकडं बघत राहिले म्हणे, त्या उंच पाठीच्या.

नाही, सरकार पैसे देत नाही असं नाही हं. तालुक्याच्या क्रीडा संकुलाला पूर्वी एक कोटी होते, आता पाच कोटींची मर्यादा केलीय. पुण्याला बालेवाडीचं तर १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी केवढं उभं राहिलं. पण पाच कोटींत किल्लीची वेळ लिहिलेली असते का हो? पहाटे साडेपाचला कोण उघडणार, संध्याकाळी दिवा कोण लावणार, पोरींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का, हे कुठल्या निकषात बसतं? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे. वीटभट्टीवर राबणाऱ्यांचं लेकरू, शाळेला पायी जायचं. धावपटू झाला तो सैन्यात गेल्यावर, आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. सैन्यात ग्राउंड कुणी डेडस्टॉकला लावत नाही ना!

तर आता व्यवस्था काय झालीय, ती ऐका. किल्ली टीमच्या कॅप्टनकडं, म्हणजे आमच्याच लेकीकडं. तिची आई मला म्हणते, "अगं, देवघराच्या किल्लीपेक्षा जपते ती." पहाटे पोरी खराटा घेऊन येतात. दोन जुने चेंडू कपाटातून निघाले. बाथरूमला कडी बसली, तीही लेकीच्या बापानंच बसवली म्हणा, पण बसली. आणि सर? सर आता सहाला हजर! पोरी म्हणतात, आधी फाटकाजवळ उभे राहायचे, मग एक दिवस त्यांनीच झाडू घेतला हातात. गेल्या झोनलला सेमीफायनलपर्यंत गेली टीम. केबिनचा एसी बंदच असतो म्हणे, शिपाई सांगतो, वीजबिल कमी आलं. फक्त क्लार्कचं तोंड अजून वाकडं, कारण मंडपवाला त्याचा मेहुणा निघाला. हो हो, सख्खा!

पण आता खो-खोच्या पोरी पेटल्यात. त्यांचं मैदान मागच्या बाजूला, तिथंही फाटक, तिथंही कुलूप, आणि त्याची किल्ली म्हणे संस्थेच्या ऑफिसात कुठल्याशा ड्रॉवरमध्ये. लेक म्हणाली, मावशी, कुणी ओळखीचं आहे का संस्थेच्या बॉडीवर? मी म्हटलं, बघते. तर वहिनी, तुमचे थोरले दीर त्या बॉडीवर आहेत ना? गेल्याच महिन्यात सत्कार झाला त्यांचा, पेपरात फोटो होता. नाही, मी काही सांगा म्हणत नाही… पण रविवारी जेवायला येतील तेव्हा सहज विषय काढा. ड्रॉवर कुठला तेवढं विचारा. पुढचं पोरी बघून घेतील.