झाडीपट्टीत स्टुडिओ थाटताना : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

थोर चित्रकार, वास्तुविशारद, डिझायनर यांच्या कामाच्या खोल्यांची छायाचित्रं पाहून ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. झाडीपट्टीतल्या चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात आपण जागा पाहून ठेवली आहे, समोर सागाची झाडं आहेत आणि नोकरीचा राजीनामा खिशात आहे, असं गृहीत धरलं आहे. राजीनामा तूर्त खिशातच राहू द्या.

आधी नमुना निवडावा. परदेशीच हवा असेल तर वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएची भूमध्य समुद्राकाठची लाकडी खोली घ्या. ती 1952 सालची. लांबीरुंदी 3.66 मीटर, म्हणजे आपल्याकडची बारा बाय बारा. एवढा मोठा माणूस एवढ्याशा खोलीत मावला, हे वाचून नवशिके हरखून जातात. त्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं आणि एक दार थेट शेजारच्या खानावळीत उघडत होतं, हे मात्र कोणी वाचत नाही. शिवाय काम करायला त्याने थोड्या अंतरावर आणखी एक टपरी ठोकली होती. आपल्या जागेला लागून खानावळ नसेल तर हा नमुना सोडून द्या. भामरागडच्या वाटेवर ती नसतेच.

पसारा आवडणाऱ्यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकनचा कित्ता गिरवावा. तो वारल्यावर त्याचा लंडनमधला स्टुडिओ धुळीसकट उचलून डब्लिनच्या कलादालनात नेला आणि 2001 साली लोकांना खुला केला. आत सात हजारांवर वस्तू निघाल्या. आपल्या पसाऱ्याची नोंद ठेवायला पुरातत्त्वज्ञ येतील या भरवशावर राहू नये. आपल्याकडे वाळवी आधी येते.

उजेडाचं काय? चित्रकाराच्या खोलीत उत्तरेचा उजेड हवा, असं पुस्तकं सांगतात. चंद्रपुरात मे महिन्यात उजेड चारी दिशांनी येतो आणि पारा 45 च्या पुढे जातो. छताला काच बसवण्याचा विचार असेल तर एक दुपार तिथल्या टिनाच्या छपराखाली काढून पाहा. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत 1980 साली आपलं ‘संगथ’ हे कार्यालय बांधलं. त्यांनी ते अर्धंमुर्धं जमिनीत उतरवलं, वर कमानदार छपरं टाकली आणि त्यांवर फुटक्या चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवले, ऊन परतावून लावायला. ही नक्कल करण्यासारखी आहे. फक्त खणताना खाली कोळसा लागला तर कोणाला सांगू नका, नाहीतर स्टुडिओची खाण होईल.

भिंतींच्या रंगाबद्दल. नवशिक्यांना पांढऱ्याशुभ्र भिंती लागतात. त्यांनी आधी धानोरा तालुक्यात चातगावजवळच्या शोधग्रामला जाऊन यावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दवाखान्याचा आराखडा ठरवण्याआधी आदिवासींनाच विचारलं, की तुम्हाला दवाखाना कसा हवा. उत्तरं वास्तुशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. घरच्यांना बाहेर बसवतात, आजारी माणूस आत एकटा पडतो. आणि डॉक्टर, नर्स पांढरे कपडे घालतात, पांढरं तर आम्ही मढ्यावर घालतो. मग मजल्यावर मजला न चढवता पाड्यासारख्या कुटी बांधल्या, रुग्णासोबत घरची माणसं राहतील अशा, आणि दवाखान्याला नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. इथे गिऱ्हाईकच वास्तुविशारद होतं. तेव्हा चुन्याची बादली उघडण्याआधी शेजारच्या टोल्यावर जाऊन विचारून या.

सामान. टेबल सागवानीच हवं, असा नवशिक्यांचा हट्ट असतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली इथलंच सागवान बल्लारपूरहून गेलं. तशा प्रतीचं लाकूड हवं असेल तर आलापल्लीच्या किंवा बल्लारपूरच्या डेपोत लिलावाच्या दिवशी जा, बोली ऐका आणि परत या. परतीच्या वाटेवर बांबू विकत घ्या. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. बांबू पावसाळ्यात तोडलेला नको. तो कापल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे आतला गोडवा निघून जातो. नाहीतर सहा महिन्यांत टेबलाखाली रोज सकाळी पिवळ्या पिठाची बारीक रांगोळी दिसू लागते. तो भुंगेरा आपल्याआधी कामाला लागलेला असतो. दुसरं म्हणजे कागदपत्रं. जंगलातला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने त्यासाठी बरीच वर्षं झगडा केला आणि 2011 साली परवान्यांचं पुस्तक गावाच्या हातात आलं. आपण एक टेबल करणार आहात, तेव्हा बुरूडकाम करणाऱ्याला पैसे देऊन तयार घ्या आणि विडी बाहेर ओढा. चिचपल्लीच्या बांबू प्रशिक्षण केंद्राची देखणी बांबूची इमारत 2021 साली आगीत गेली.

खुर्ची घेऊ नका. या भागातल्या सर्वांत गाजलेल्या कार्यशाळेत खुर्चीला स्थानच नव्हतं. बाबा आमट्यांच्या पाठीच्या कण्याने बसायला साफ नकार दिला होता. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी वसवलेल्या आनंदवनाची कितीतरी आखणी खाटेवर झाली. 1985 साली भारत जोडो अभियान कन्याकुमारीहून निघालं, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा बसगाडीत आडवे. म्हणजे त्यांची कार्यशाळा चाकांवर काश्मीरकडे निघाली होती. कमरेला आधार देणाऱ्या महागड्या खुर्चीचे पैसे तर वाचले. खाटेवर पडल्या पडल्या नवशिक्याला झोप लागते, एवढाच या नमुन्यात दोष. आणि त्या खाटेच्या आधी वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात विहीर खणली होती, तीही कुष्ठरोग्यांच्या हातांनी. पहार चालवण्याची तयारी नसेल तर नळाचं पाणी असलेली जागा बघा.

प्रेरणेसाठी पहाटे एकटं जंगलात जाऊन चित्रवही उघडून बसू नये. हे थट्टेने सांगत नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं इथे दरवर्षी वाघाच्या तावडीत सापडतात. त्यांना पोटासाठी जावं लागतं, तुम्हाला जावं लागत नाही.

कामाचा आकार ठरवण्याआधी चंद्रपुरात लालपेठला एक फेरी मारा. तिथे उघड्यावर अखंड दगडात कोरलेल्या अवाढव्य मूर्ती आहेत. त्यातली दशमुखी दुर्गा सुमारे 25 फूट लांबीची आहे आणि ती पाठ टेकून जमिनीवर पडली आहे, कारण तिला उभं करायचंच राहून गेलं. रायप्पा नावाच्या धनिक वाण्याला गोंड राजांच्या काळात शंकराचं भव्य देऊळ बांधायचं होतं. देऊळ होण्याआधी रायप्पाच गेला. लोक त्या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. मला विचाराल तर जिल्ह्यातला सर्वांत पारदर्शक स्टुडिओ हाच. छप्पर नाही, दार नाही, तिकीट नाही, काम जिथे थांबलं तिथेच. दुर्गेच्या बाजूला उभं राहून बघा. पावसाचं पाणी तिच्या कोरलेल्या दागिन्यांत साठतं आणि शेळ्या जवळून चरत जातात. नवशिक्याने यातून एवढंच घ्यावं की मूर्ती कोरण्याआधी ती उभी कोण करणार, हे ठरवून ठेवावं. पैसे देणाऱ्याची तब्येतही विचारून घ्यावी.

इतकं करूनही स्टुडिओचा ध्यास सुटत नसेल, तर दिवाळीनंतर वडशाला या. नकाशावर देसाईगंज लिहिलेलं असतं. झाडीपट्टी रंगभूमीचा सगळा कारभार या गावातून चालतो. रस्त्याला लागून नाट्यमंडळांची कार्यालयं असतात. आत एक टेबल, तारखांची वही, भिंतीवर नट-नट्यांची पोस्टरं. गावोगावची मंडळं येतात, तारीख मागतात, नाव ऐकतात, नाचगाणं किती ते विचारतात आणि विसार देऊन जातात. धानाची कापणी झालेली असते, गावात मंडई भरते, लेकी-जावई येतात. रात्री दहाच्या सुमाराला पडदा उघडतो तो तांबडं फुटेपर्यंत. लोक घरून चटया आणि चादरी घेऊन येतात. वाद्यं वाजवणारे रंगमंचापुढे बसतात. दुसऱ्या रात्री दुसरं गाव, तिसऱ्या रात्री तिसरं.

नटाची कामाची खोली म्हणजे रंगमंचामागची कनात. लोखंडी पेटी, दोरीवर शालू आणि पोलिसाचा शर्ट एकत्र, बांबूला अडकवलेला आरसा. नटाने चेहऱ्यावर रंग चढवायचा तो जानेवारीच्या थंडीत, एका दिव्याच्या उजेडात, शेजारी खलनायक चहा पीत असताना. हंगामात तालमीला सवड कुठली? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर असतो. हातात संहिता, डोळे नटाच्या ओठांवर. नट अडखळण्याआधीच शब्द त्याच्या कानात पडलेला असतो, आणि प्रेक्षकांना दोन्ही ऐकू आलं तरी कोणी तक्रार करत नाही. अशाच कनातींआड रंगून परशुराम खुणे यांनी हजारो प्रयोग केले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. उत्तरेचा उजेड त्यांनी मागितल्याचं ऐकिवात नाही.

नवशिक्याने हंगामभर एखाद्या मंडळाबरोबर हिंडावं. पडदे बांधावेत, पेट्या उचलाव्यात, प्रॉम्प्टरला पाणी द्यावं. आपलं स्वतःचं नाटक किंवा नेपथ्य घेऊन वडशाच्या कार्यालयात जाणार असाल, तर नक्षीदार फाइल घरी ठेवा आणि यंदा धान कसं झालंय, भाव काय निघाला, याची माहिती काढून जा. मालक पहिल्यांदा तेच बोलायला घेईल. पीक गेलं असेल तर तारखांची वही तो उघडणारच नाही.