भाचेबुवा कनेक्ट होतात

डिझाइन शिकणारा मुलगा ओळखायला फार निरीक्षण लागत नाही. काळा टी-शर्ट, घोट्याच्या वरच संपणारी पँट, खांद्याला कॅनव्हासची झोळी, आणि समोर येईल ती वस्तू चुकलेली आहे अशा नजरेने तिच्याकडे बघण्याची सवय. आमचे भाचेबुवा या पंथातले कट्टर. पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकतात. वापीला उतरून सिल्वासाला आमच्या घरी आले, चहा घेतला, आणि कप खाली ठेवायच्या आत त्यांना मामीच्या मसाल्याच्या डब्यात यूझरची अडचण सापडली. हळद उजवीकडे घ्यावी असा प्रस्ताव आला.

"यूझर मी आहे," मामी म्हणाली, "आणि हळद आहे तिथंच राहील."

भाचेबुवांनी झोळीतून वही काढली आणि 'रेझिस्टन्स टू चेंज' अशी नोंद केली.

येण्याचं निमित्त होतं खानवेलच्या एका रिसॉर्टवर भरलेला डिझाइनवाल्यांचा नेटवर्किंग मेळावा. सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर, साकरतोड नदीकाठी, डोंगर-जंगलात खानवेल आहे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे नाही. त्यामुळे निसर्गप्रेमींची आम्हाला कधी वानवा पडली नाही. परिषदा, शिबिरं, चिंतन बैठका, सगळं आमच्याच झाडाखाली. सिल्वासातून घाईघाईने खानवेल गाठणारा माझ्या माहितीतला जुना पाहुणा म्हणजे पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं. ते मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत साक्षात संगीतकार सुधीर फडके होते. कॅप्टन आपली शिपायांची तुकडी घेऊन खानवेलच्या बाजूला सटकला आणि 11 तारखेला शरण आला. भाचेबुवाही तितक्याच घाईने निघाले. शरण कुणाला जायचं, एवढंच ठरायचं होतं.

तयारी जय्यत होती. व्हिजिटिंग कार्ड स्वतः डिझाइन केलेलं: जाड पांढऱ्या कागदावर पांढरीच उठावाची अक्षरं. फोन नंबर नाही. "क्लटर होतो, मामा." नावाखाली काहीतरी होतं, ते बोटाने चाचपल्यावर 'फाउंडर' असं लागलं. कशाचा? स्टुडिओचा. स्टुडिओ कुठे? कॉट बेसिसच्या खोलीत, खिडकीकडची बाजू. मी हसलो नाही. मोठ्या पदांची आमच्या प्रदेशाला सवय आहे. 1961 साली भारतात विलीन व्हायच्या वेळी करारावर सही करायला बदलानी नावाचे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते इथले पंतप्रधान झाले होते. फरक एवढाच, की त्यांना त्या दिवशी काम होतं.

शिवाय 'एलेव्हेटर पिच' पाठ केलेली. लिफ्टमध्ये बडा माणूस सापडला, तर मजले संपायच्या आत त्याच्या गळी उतरायचं हे भाषण. रिसॉर्ट बैठं होतं. पण पाठांतर वाया का घालवा, म्हणून स्कूटरवर माझ्या मागे बसून त्यांनी ते खानवेलपर्यंत माझ्या हेल्मेटला ऐकवलं.

दारात टेबलामागच्या मुलीने मला विचारलं, "सर, आपण?" मी म्हटलं, "यार्नच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे." भाच्याला सोडायला आलोय, हे पुढचं वाक्य तोंडात होतं तोवर गळ्यात नारिंगी पट्टी पडली होती आणि बिल्ल्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'इंडस्ट्री'. विद्यार्थ्यांच्या पट्ट्या हिरव्या. आत पाहतो तर सगळं हिरवंगार.

सगळे वरच आलेले आहेत असा वधूवर मेळावा कुणी पाहिला असेल, तर त्याला त्या हॉलचं वर्णन करून सांगायला नको. प्रत्येक जण कुणीतरी आपल्याला भेटावं म्हणून आला होता. भेटायला कुणी आलंच नव्हतं. हिरवा हिरव्याला आपली पिच म्हणून दाखवे, दुसऱ्याची होईपर्यंत त्याच्या खांद्यावरून नारिंगी पट्टी शोधे, मग "लिंक्डइनवर कनेक्ट होऊ" असं म्हणत दोघे कायमचे वेगळे होत.

सकाळच्या सत्रात एका वक्त्यांनी 'वारली: भिंतीपासून ब्रँडपर्यंत' हा विषय घेतला. मागच्या भिंतीवर रिसॉर्टने वारली चित्रं काढून घेतली होतीच. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांत माणूस, चंद्र-सूर्य, देवाची जागा, सगळं कसं बसतं, यावर समोरची पोरं खूष होती. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, हेही सांगून झालं. मी आपला इथला, म्हणून मला दुसरंच आठवत होतं. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने सवाष्णी चौक काढतात, आणि काढून झाल्यावर खाली कुणी नाव टाकत नाही. इथे चित्र काढायच्या आधी नाव छापून झालं होतं.

जेवणाला बुफे होता. पनीर वाढून घेत होतो तोच वेढा पडला. या मुलांची एक तऱ्हा लक्षात आली: ती आधी छातीवरचा बिल्ला वाचतात, मग चेहऱ्यापर्यंत येतात; आणि बिल्ला हिरवा असेल तर येतही नाहीत. एकाने मला 'डिस्पॅच' हे नव्या स्टार्टअपचं नाव वाटून अभिनंदन केलं. एकीने विचारलं, "तुमचा सर्वांत मोठा पेन पॉइंट कोणता?" मी कंबरेला हात लावला. गाडी भरल्याचा फोन आला, तेव्हा नंबर लिहायला खिशात एक कोरा जाड कागद सापडला, त्यावर लिहून घेतला. नंतर कळलं, ते भाचेबुवांचं कार्ड होतं.

एवढ्यात शेजारून ओळखीचा आवाज सुरू झाला. "हाय! आय डिझाइन मीनिंगफुल एक्स्पीरियन्सेस..." नजर माझ्या बिल्ल्यावर खिळलेली. मी पूर्ण ऐकून घेतलं. हेल्मेटशिवाय ते बरंच बरं वाटलं. शेवटी नजर हळूहळू वर आली.

"मामा? तू?"

"बोल की. नोकरी हवीय का?"

संध्याकाळी तारपा नाच होता. मध्ये तारपा फुंकणारा, आणि एकमेकांच्या कंबरेला हात घालून त्याच्याभोवती फिरणारी साखळी. आयोजकांनी हिरव्या-नारिंगी सगळ्यांना त्यात ओढलं. दोन्ही हात दोन बाजूंच्या कंबरांना अडकले, त्यामुळे कार्ड काढता येईना, फोन काढता येईना. बिल्ले पाठीवर फिरलेले. पाय चुकत होते आणि चुकणारे एकमेकांना विचारत होते, "तू कुठला रे?" दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी उत्तराची वाट पाहत होतं.

परत येताना भाचेबुवा गप्प होते. शेवटी म्हणाले, "मामा, खरंच काही काम आहे का तुमच्याकडे?"

होतं. आमच्याकडे पॉलिस्टर यार्नची खोकी जातात, भिवंडीला, सुरतेला. बाहेरून सगळी सारखी. आत लॉट वेगळा. त्याचा मर्ज नंबर लेबलच्या तळाशी मुंगीएवढा. रात्रपाळीत एक खोकं इकडचं तिकडे गेलं, की विणताना काही दिसत नाही. कापड रंगवल्यावर पट्टे उमटतात, आणि मग पार्टीचा फोन थेट मला.

"म्हणजे लेबल?" भाचेबुवांचा आवाज पडला.

पण दुसऱ्या दिवशी गोदामात आले. पिच दिली नाही. दिली असती तरी लोडिंगच्या आवाजात कुणाला ऐकू आली नसती. रात्रपाळी संपेपर्यंत थांबले. शेवटी दुधनीकडच्या एका हमालाला विचारलं, काय केलं तर बरं पडेल? तो म्हणाला, "नंबर मोठा करा. आणि चारी बाजूंनी छापा. खोकं आम्ही कसंही ठेवतो." भाचेबुवांनी तस्सं केलं. नंबर तळहाताएवढा झाला. त्यानंतर मला भिवंडीहून पट्ट्यांचा फोन आलेला नाही.

आठवड्याभरात लिंक्डइनवर त्यांची पोस्ट झळकली. 'वेअरहाऊस इकोसिस्टिममधल्या इन्फर्मेशन आर्किटेक्चरची पुनर्कल्पना' केल्याचं जाहीर करताना त्यांना अत्यंत आनंद होत होता. हमालाचा उल्लेख 'की स्टेकहोल्डर' असा होता. मेळाव्यातल्या सगळ्या हिरव्यांनी टाळ्या पाठवल्या.

मग बिल आलं. पांढऱ्या कागदावर फिकट राखाडी, अगदी बारीक अक्षरात, एका कोपऱ्यात. अकाउंट्सच्या बाईंनी ते उन्हाकडे धरून पाहिलं आणि शेरा मारून परत पाठवलं: 'रक्कम मोठी करावी.'

भाचेबुवांनी ती केली. अक्षरांतही आणि आकड्यातही.