‘काढा’चा फलक

पायात सपाता, तोंडात पाइप, बुडाखाली डोलखुर्ची. 24 ऑगस्ट 1951 ला अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या बेसबॉल मैदानात झॅक टेलर नावाचे गृहस्थ असे ऐसपैस बसले होते. हे यजमान संघाचे, म्हणजे सेंट लुइस ब्राउन्सचे मॅनेजर. बेसबॉलमधल्या मॅनेजरची कामं तीन: खेळाडू निवडणं, डावपेच आखणं आणि हरल्यावर शिव्या खाणं. त्या दिवशी पहिली दोन कामं त्यांच्याकडून काढून घेतली होती.

ती गेली होती प्रेक्षकांकडे. हजाराहून थोडे जास्त लोक डगआउटच्या मागे बसलेले, प्रत्येकाच्या हाती ‘हो’ आणि ‘नाही’चा फलक. मैदानातून प्रश्नाची पाटी वर व्हायची. धावणाऱ्याला बेस चोरायला सोडायचं का? दुसरा पिचर तयार ठेवायचा का? फलक उठले, की बहुमत, की हुकूम. संघसुद्धा लोकांनीच निवडलेला. त्यासाठी वर्तमानपत्रात आधीच मतपत्रिका छापून आली होती.

ही करामत मालक बिल वेक यांची. पाचच दिवसांपूर्वी त्यांनी एडी गेडेल या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला पाठीवर 1/8 असा आकडा लावून फलंदाजीला पाठवलं होतं. एवढ्याशा माणसाला नेमका चेंडू टाकायचा कुठे, हे समोरच्या पिचरला उमगलं नाही आणि गेडेल फुकटात पहिल्या बेसवर पोचले. संघ त्या मोसमात 52 सामने जिंकला आणि 102 हरला. अशा संघाच्या मालकाला तिकिटं खपवायची तर खेळ सोडून बाकी सगळं विकावं लागतं. वेक यांनी मॅनेजरची खुर्ची विकायला काढली, एवढंच.

आता तुमची अपेक्षा अशी असणार की लोकांनी संघाची वाट लावली. नाही लावली. पहिल्याच डावात फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सनी ब्राउन्सचा पिचर नेड गार्व्हर याला तीन धावा कुटल्या, तेव्हा प्रश्न आला: दुसरा पिचर तयार ठेवायचा का? चिडलेली गर्दी काय म्हणेल, हे आपण आपल्या अनुभवावरून सांगू शकतो. पण गर्दी म्हणाली, नाही, राहू दे. गार्व्हर राहिला, सावरला. लोकांनी नेहमीच्या कॅचरला बसवून शर्म लोलरला आणलं होतं, त्याने होमरन ठोकला. ब्राउन्स 5-3 ने जिंकले.

गंमत म्हणजे प्रतिस्पर्धी संघाचे मालक कॉनी मॅकही त्या गर्दीत फलक घेऊन बसले होते. पन्नास वर्षं त्यांनी स्वतःच्या संघाची मॅनेजरकी केली आणि आदल्याच वर्षी सोडली होती. अर्ध्या शतकात प्रथमच निर्णय घेऊनही झोप शांत लागणार, हे सुख म्हातारपणी का सोडावं? मग संघ समोरच्याचा का असेना.

मला विचाराल तर त्या दिवशी सिद्ध झालं ते लोकांचं शहाणपण नव्हे. मतपत्रिकेवर लोलरचं नाव लिहायचं तर दुसऱ्याचं गाळावं लागत होतं. जागा एकच. ‘याला घ्या’ म्हणताना ‘त्याला काढा’ हेही म्हणावं लागत होतं. आणि काढायची वेळ आली की माणूस आपोआप जपून बोलतो.

आपल्याकडचं पाहा. 1973 साली इंग्लंडविरुद्धच्या कानपूर कसोटीतून सलीम दुराणींना वगळलं आणि घोषणा उठली, ‘नो दुराणी, नो टेस्ट’. पुढची कसोटी मुंबईत, ब्रेबॉर्नवर. दुराणी परत आले आणि पहिल्या डावात 73 धावा करून त्यांनी घोषणा देणाऱ्यांची लाज राखली. लोकांचा कौल अगदी बरोबर निघाला. पण दुराणींच्या जागेसाठी कोणाला बसवायचं, हे त्या घोषणेत कुठे होतं? ते ठरवायला निवड समिती बसली आहे ना! आपण ‘घ्या’ची घोषणा द्यायची, ‘काढा’ची चिठ्ठी समितीने लिहायची, आणि ज्याला काढलं त्याच्यावरच्या अन्यायाबद्दल पुढच्या महिन्यात पुन्हा आपणच घोषणा द्यायची. अशी कामाची वाटणी असली की चाहता कधीच चुकत नाही.

इंग्लंडमध्ये एकदा ही वाटणी मोडायचा घाट घातला गेला. केंट परगण्यातल्या एब्सफ्लीट युनायटेड या छोट्या फुटबॉल क्लबची सूत्रं 2008 साली इंटरनेटवरून जमलेल्या हजारो चाहत्यांनी विकत घेतली. वर्गणी माणशी 35 पौंड. मूळ आश्वासन असं, की संघात कोण खेळणार हेसुद्धा सभासद मतांनी ठरवणार. जगभरच्या सोफ्यांवरचे प्रशिक्षक अखेर सत्तेवर आले! आणि सत्तेवर येऊन त्यांनी केलं काय? संघ निवडायचं काम मॅनेजर लियाम डेश यांच्याकडेच राहू दिलं. साहेब, तुम्हीच बघा, आम्ही आहोतच.

हा सीन आपल्याला पाठ आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत दोन तास सेक्रेटरीची सालं काढली जातात. मग कोणीतरी विचारतं, ‘बरं, पुढच्या वर्षी कोण होतंय सेक्रेटरी?’ आणि साठ माणसं एकदम छताचा पंखा न्याहाळू लागतात.

तिकडे एब्सफ्लीटच्या डेश यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेम्बलीवर टॉर्कीला 1-0 ने हरवून एफए ट्रॉफी आणली. पण वर्गणीचं नूतनीकरण आलं तशी सभासदसंख्या गळत गेली, आणि 2013 मध्ये क्लब दुसऱ्यांच्या हाती गेला. सभासदांना दोष देववत नाही. पस्तीस पौंड भरून माणसाला काय मिळालं? स्वतःच्या संघाबद्दल कुरकुर करायची सोय गेली. हरलो तर बोलायचं कोणाला? मालक आरशात. त्यापेक्षा शेजारच्या क्लबचं तिकीट काढावं, हरले की मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा आणि तृप्त मनाने घरी जाऊन जेवावं.

म्हणून मला वाटतं, चाहत्यांना प्रशिक्षक करायच्या योजना चाहत्यांच्या मुळावर येणाऱ्या आहेत. मी स्वतः गेली तीस वर्षं सोफ्यावरून भारतीय संघ चालवतो आहे. माझा एकही निर्णय आजवर चुकलेला नाही, कारण एकही अमलात आलेला नाही. हा विक्रम मला कोणत्याही मतपेटीत घालायचा नाही.

टेलरसाहेबांचं पुढे काय झालं? डोलखुर्ची एका दिवसाची होती. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच निर्णय, तेच पराभव. मोसम संपला आणि त्यांची जागा रॉजर्स हॉर्न्सबी यांना मिळाली. पुढच्या मोसमात मध्येच हॉर्न्सबींनाही नारळ मिळाला. त्या हजार फलकवाल्या मॅनेजरांपैकी मात्र एकाचीही नोकरी गेली नाही.