गोपनीयतेचा चोख बंदोबस्त

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप कोणासही न विचारता आला. सरकारनेही हाच आदर्श पुढे ठेवून, संकटग्रस्ताची संमती घेण्यात अमूल्य वेळ दवडला जाऊ नये म्हणून, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या सातव्या कलमात आपत्तीप्रसंगी संमतीची अटच ठेवली नाही, ही दूरदृष्टी वंदनीय होय. याच उदार परंपरेस अनुसरून नांदेड-लातूरकडे अतिवृष्टीच्या अनुदानाच्या याद्या चावडीवर डकवल्या जातात आणि तेथून व्हॉट्सॲपवर तालुकाभर संचार करतात. सबब गोपनीयतेच्या जोखमीचे मूल्यांकन करण्याचे प्रयोजनच उरत नाही, कारण जे सर्वांना ठाऊक आहे ते फुटणार तरी कसे? आमची नम्र सूचना एवढीच की, खातेदाराची शिल्लक, सावकाराचे देणे आणि मुलीच्या लग्नाचा संकल्पित खर्च हेही दवंडी पिटून जाहीर करावे, म्हणजे माहितीच्या चोरांवर उपासमारीची पाळी येईल. अर्थात, राज्यकारभारात काही बाबी गोपनीय राखाव्याच लागतात, आणि त्या कसोशीने राखल्याही जातात. अनुदान कोणत्या तारखेस खात्यात जमा होणार, ही माहिती कोणत्याही दप्तरातून आजवर फुटलेली नाही.